किदीमागचं पाणी

माननीय अध्यक्ष जदुओंग ओबिएरो, व्यासपीठावरचे वडीलधारे, आज जिला आपण निरोप देतो आहोत ती अभियंता कालेके मुतिंडा, आणि समोर बसलेले नाववाले, जाळी विणणारे, ओमेना मासळी वाळवणाऱ्या माझ्या बायांनो,

तुमची-माझी एक तक्रार आहे. ती आधी मांडते, कौतुक नंतर. सरोवरात आपला माणूस हरवला की टेलिफोन कंपनी आपल्याला जागा सांगत नाही. म्हणते, या एवढ्या पाण्यात कुठेतरी. कुठेतरी म्हणजे कुठे? कुठेतरी या शब्दाकडे नावेचं तोंड कसं वळवायचं?

कालेके इथे आली तेव्हा आपण तिचं स्वागत काही फार गोड केलं नव्हतं. न्यांग्वेसोनं पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, पोहता येतं का?" ती म्हणाली, नाही. "मग सरोवरात काय दुरुस्त करणार?" ती म्हणाली, "फोनच्या मनोऱ्यांची घड्याळं." त्यावर हा गृहस्थ सगळ्या धक्क्यावर सांगत सुटला की कंपनीनं आपल्यासाठी घड्याळजी धाडलीय. हसू नकोस न्यांग्वेसो, अध्यक्षांच्या समक्ष सांगतेय.

पण घड्याळजीच हवी होती. फोनची हाक मनोऱ्यावर पोचायला किती वेळ लागला, त्यावरून फोन किती लांब आहे ते ठरतं. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला, तर तीनशे मीटर पाणी चुकतं. तीनशे मीटर! उसळत्या पाण्यात एवढ्या अंतरावरचं माणसाचं डोकं तुमच्यापैकी कुणाला दिसतं, हात वर करा.

कुणीच नाही. मला वाटलंच होतं.

किदी बेटामागे ओदेराची नाव दुपारच्या वावटळीत उलटली, ते तुम्हाला ठाऊक आहे. नाव मागाहून मिळाली, तो मिळाला नाही. फोन त्यानं आपल्या सगळ्यांसारखाच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गळ्यात बांधलेला होता. तो फोन संध्याकाळपर्यंत चालू होता. त्याची आई सारखी फोन लावत होती, आणि तिकडे घंटी वाजत होती. त्याची आई म्हणजे मीच; लपवायचं कुणापासून? कंपनीनं सांगितलं, पूर्वेच्या खाडीत शोधा. तुम्ही गेलात. तुमच्या हातांची सालटी निघेपर्यंत वल्ही मारलीत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ओदेरा पश्चिमेला होता, किदीमागेच.

देह नाही, तर आपण त्याच्या जागी यागोच्या झाडाचं फळ पुरतो. मीही अंगणात पुरलं. फळ जड होतं, पण माझ्या मुलाइतकं नव्हतं.

पुढे कालेके माझ्याकडे आली. त्या दिवसाची मोजमापं तिनं उकरून काढली होती. मी तिच्यापुढे मक्याच्या पिठाचं कुओन आणि मासा ठेवला. तिनं ताटाला हात लावला नाही. म्हणाली, "आई, त्याच्या दोन हाका मनोऱ्यावर आल्या होत्या. एक सरळ आलेली. बेटाच्या खडकानं अडवल्यामुळे अगदी क्षीण. दुसरी पलीकडच्या कड्यावर आपटून, वळसा घालून आलेली, उशिरा पण ठणठणीत. यंत्रानं मोठी धरली. क्षीण हाक त्याला खरखर वाटली."

मी विचारलं, "म्हणजे माझ्या पोराची हाक पोचली होती?"

"पोचली होती. आधीच पोचली होती."

मंडळी, हे वाक्य घेऊन मी रोज उठते. मोठा आवाज तोच खरा, हे यंत्राला कुणी शिकवलं? आपणच. निवडणुकीत आपण दुसरं काय करतो? पण असो, पाहुण्यांसमोर ते नको. कालेकेनं मनोऱ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळवली आणि यंत्राला नवी शिस्त लावली: जी आधी आली ती धर, मग ती कितीही बारीक असो. सरळ वाटेच्या आधी कुठलीही वाट पोचत नाही. गेल्या पावसात ओसुरीची नाव पूर्वेच्या खाडीत बुडाली. नावा थेट त्याच्यापाशी गेल्या. तो बघा, मागे बसून माझ्याकडे डोळे वटारतोय.

आता राहिलंय एकच पाणी. किदीमागचं. तिथली बारीक हाक कोणती आणि खरखर कोणती, हे यंत्राला कळायला तिथून, ठाऊक असलेल्या जागांवरून, खऱ्या फोनवरून बोलावं लागतं. कालेकेनं तिथे खुणेची तरंगती पिंपं सोडलीत. आणि तुम्ही जात नाही. कुणी जाळं टाकत नाही, कुणी आडोशालाही थांबत नाही. ओसुरी मला म्हणाला, "मावशी, तिन्हीसांजेला तिथे पाण्याखालून फोन वाजतो. मी ऐकलाय. ओदेराच्याच फोनचा सूर."

मी त्याला खोटं पाडलं नाही. मलाही कधी कधी ऐकू येतो, चूल फुंकताना. मी एवढंच म्हटलं, "वाजतोय ना? मग त्याला उत्तर द्यायला कुणी जायचं?"

कालेके परवा नैरोबीला निघते. तिच्या जागी येणारा किदीसाठी थांबेलच असं नाही. किदीमागे पुढची नाव उलटली, तर कंपनी पुन्हा पूर्वेला बोट दाखवील, आणि अंगणात फळ पुरणारी बाई या सभागृहातलीच असेल.

कालेके, तुला पोहायला शिकवायचं राहिलं, ते आमच्याकडे बाकी. तुझे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत, हे माझ्यासारख्या जुन्या मास्तरणीला शोभत नाही. अध्यक्षांनी वेळ दिला, त्यांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर वयाकडे पाहून पोटात घाला.

आणि उद्या सकाळी वारा पडला की आपापली नाव किदीमागे आणा. एकेका पिंपापाशी थांबा, फोन चालू ठेवा. पहिल्या नावेत मी बसणार आहे. तिथून मी तुम्हाला एकेकाला फोन लावीन.

उचला.