मानेच्या यंत्राला पंपाचा ऑटो

हे कुणाला सांगायचं नाही, असं पप्पांनी बजावलंय. पप्पा भडगावात मणके बसवतात आणि उरलेल्या वेळात यंत्रं बनवतात. मान ताणायच्या नव्या यंत्राला त्यांनी शेतातल्या पंपाचा ऑटो लावला, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू. काल त्यावर आमचे गणिताचे सर झोपले. पट्टे मीच बांधले. तेवढ्यात लाईट गेली.

"पडून राहा सर, चहा सांगून येतो," म्हणत पप्पा बाहेर गेले.

सरांनी झोपल्या झोपल्या विचारलं, "अभ्यास कसा चाललाय?"

मी खाली बघून "बरा" म्हणाले आणि लाईट आली. सर चादरीसकट डोक्याकडे सरकायला लागले.

"पाटील, बंद कर ते!" सर वर्गातल्यासारखे माझ्यावर ओरडले.

मला बटण सापडेपर्यंत बाकावर नंबर लावून बसलेले एक आबा उठले. "आपली पाठ बरी शे भो," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

पप्पा धावत आले आणि सरांना विचारतात काय, "मोकळं वाटतंय ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता उद्या सोमवारी वर्गात सरांसमोर मी कशी—

"बेटा, पट्टे बांधायला ये गं. सर परत आलेत."