सांग गं ठमे

—नाही, बाहेर काढलं असं नाही म्हणता येणार. डॉक्टर म्हणाल्या, काका, जरा बाहेर बसा. आता ‘बाहेर बसा’ आणि ‘बाहेर काढलं’ यात फरक आहे का—असेल, नसेलही. हा हिरवा झगा अजून अंगावर तसाच आहे बघा. नाडी मागे बांधलीय, माझा हात काही तिथवर जात नाही. राहू दे, राहू दे, तुम्ही कशाला उठता, मांडीवर मांजराची टोपली आहे तुमच्या. आणि परत आत बोलावलंच तर पुन्हा बांधाबांध. टोपी तेवढी काढतो. तुमच्याकडे काय, दात? दाताचं होऊन जातं लवकर. आमची कुत्री आहे. ठमी. प्लीहेला, म्हणजे स्प्लीनला, गाठ झालीय, प्लीहाच काढायची म्हणतात, तिच्यावाचून चालतं म्हणे. गाठीचं डॉक्टरांना काही वाटत नाही, काळजी भुलीची आहे. वय झालंय, भुलीतून उठेल ना, असं मी विचारलं. बरेचसे उठतात, म्हणाल्या. बरेचसे म्हणजे किती, हे नाही विचारलं. एरवी विचारलं असतं—तर्कशास्त्र शिकवलंय मी जन्मभर, ‘सर्व’, ‘काही’ आणि ‘एकही नाही’, पोरांना एवढंच शिकवलं म्हणा ना—त्यात ‘बरेचसे’ कुठे बसवायचं, मला सुचलं नाही.

तसं कोणाला आत घेत नाहीत. ही काच आहे ना दाराला, तिच्यातून बघायचं, फार तर. मी मात्र वाचून आलो होतो. मालक जवळ असला की जनावर शांत राहतं असं म्हणणारे आहेत, आणि मालकाची भीती जनावराला लागते असं म्हणणारेही आहेत. मला दोघांचंही पटलं. जुना रोग आहे हा माझा. तरी डॉक्टरांपुढे पहिलीच बाजू मांडली, दुसरी गिळली. बऱ्या आहेत हो त्या. म्हणाल्या, ठीक, कोपऱ्यात स्टुलावर बसा, चक्कर आली तर तिथेच बसून राहा, टेबलाकडे नको. खरं सांगू का, हट्ट माझा नव्हताच. घरून आला होता. ‘ठमे, सांग त्यांना, आत थांबायचं. तुला एकटीला टाकून बाहेर पेपर वाचत बसायचं नाही.’ असा निरोप. हिचे गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही, नाहीतर तीच आली असती, आणि तिला कोणी बाहेर बसा म्हटलं नसतं.

ठमे, सांग त्यांना—हां, ते हसण्यासारखंच आहे. हसा तुम्ही. आमच्या घरात बोलणं ठमीमार्फत चालतं. भांडण वगैरे काही नाही हो. मुलगी नोकरीला लांब गेली, जाताना हे एवढंसं पिल्लू ठेवून गेली, तुम्हाला सोबत म्हणून. मग गंमत सुरू झाली. ‘ठमे, विचार बाबांना, चष्मा फ्रिजवर कोणी ठेवला?’ की मी म्हणायचं, ‘ठमे, सांग आईला, चष्म्याला पाय फुटलेत.’ आणि ठमी खरंच जायची. ‘सांग’ म्हटलं की उठायची, मधला बोळ ओलांडून दुसऱ्या खोलीत, दुसऱ्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून उभी. कोणी शिकवलं नाही तिला. ऐकू येतंच हो पलीकडे, घर ते केवढं—पण हनुवटी टेकेपर्यंत ऐकू आलं असं धरायचं नाही, असा आपला एक नियम पडला. कोणी पाडला? कोणीच नाही. पडला. पुढे मग गंमत गेली आणि नियम राहिला. आता भाजी आणा, बँकेत जा, मुलीला मूल होणार आहे—सगळं तिच्याकडूनच. तिच्या शेपटीकडे बघून बोलायचं. मी हिच्याकडे बघून शेवटचं काय बोललो, ते आठवायला गेलं तर... तुमचं मांजर फारच गरीब आहे. आवाज नाही.

हल्ली ती हळू झाली होती. भाजीत मीठ नाही हे हिच्याकडे जेवण उरकल्यावर पोचायचं. आम्हाला वाटलं, वय. मग परवा ही पलीकडून म्हणाली, ‘सांग त्यांना, चहा ठेवलाय.’ मी ऐकलं, बसून राहिलो. नियम. जरा वेळाने ही पुन्हा म्हणाली, ‘ठमे, सांगितलंस का?’ मी तरी बसून. पुस्तकातली ओळ तीच तीच वाचत होतो. चहा निवला असणार—तेव्हा कुठे मी उठलो, तर ठमी बोळाच्या मधोमध पडलेली. श्वास चालला होता, उठवत नव्हतं तिला. आणि पलीकडच्या दारात ही उभी, भिंतीला धरून. आम्ही दोघंही ठमीशीच बोललो. काय झालं गं ठमे, काय झालं. तेसुद्धा तिलाच विचारलं.

आत काय झालं विचारता? काही विशेष नाही. पायावरचे केस भादरले, सुई टोचली, डोळे जड व्हायला लागले तिचे. टेबलाकडे नको म्हणाल्या होत्या, पण ती झोपेपर्यंत मला जवळ येऊ दिलं, डोक्यावर हात ठेवू दिला. सगळं ठीक चाललं होतं. डॉक्टरांचा हात मला जरा घाईचा वाटला—वाटला, म्हणजे नसेलही घाईचा—आणि मी म्हणालो, ‘ठमे, सांग त्यांना, सावकाश.’ सवयीने गेलं तोंडातून. तर ती उठायला लागली हो. अर्धी भूल चढलेली, पुढचे दोन्ही पाय टेबलावर घासतायत, मान वर. सुई निसटली. डॉक्टर आणि त्यांची मदतनीस, दोघींनी धरलं तिला, तरी तिची नजर डॉक्टरांच्या गुडघ्यांकडे. पोचवायचं होतं तिला. डॉक्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, काका, तुमचा आवाज आला की ती झोपत नाही. बाहेर बसा. म्हणून मी इथे असा हळू बोलतोय. काच आहे, पण दाराखाली फट आहे.

आता घरी काय सांगायचं, हा प्रश्न आहे. आत होतो असं म्हणता येईल. होतो की थोडा वेळ, खोटं नाही ते. पण सांगायचं कसं? म्हणजे ठमी आली तर येईल, सांगेल—सांगेल म्हणजे, तुम्हाला कळलं. आणि नाही आली, तर ती नाही आली हे हिला सांगायचं कोणाकडून? मघापासून तेवढं एकच सुटत नाहीये. बाकी मला काही वाटत नाही. रडू वगैरे येत नाही. ही टोपी तेवढी घडी घालून पुन्हा उलगडतोय.

तुम्हाला त्या दुसऱ्या खोलीत बोलावतायत वाटतं. हो, तुम्हालाच. टोपली नीट धरा, तळ सैल आहे तिचा. आणि आत शिरलात की—काही नाही. जा.

हा फोन माझाच का? माझाच. घरचा नंबर आहे. घरून मला फोन येत नाही कधी. थांबा, एक मिनिट—तुम्ही घेता का? नुसतं सांगा त्यांना की—नको. नको, जा तुम्ही, त्या बाई दार धरून उभ्या आहेत.

...हॅलो. हो. मीच. नाही, अजून आतच आहे ती. मी बाहेर बसलोय. हो, बाहेर. बोल. ऐकू येतंय मला.