हिरवीन ढकलल्याची गोष्ट

...नाही जी, सिनेमा वाईट होता असं मी म्हटलंच नाही! सिनेमा चांगलाच होता! मी एवढंच म्हटलं का आपल्या कामठ्याच्या लोकायची अक्कल चराले गेली. ज्याले त्याले पुसा, एकच, "सिनेमात काही दम नाही गा, खरी मजा आपल्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात!" अरे, पण ते नाटक त्या सिनेमातूनच निंगालं ना बापा! अन् काढलं कोणं? मी!

तुम्हाले सांगतो, गोंदियाच्या टॉकीजमंधी जाऊन जाऊन तोच सिनेमा पाहिला. सायकल मी हाणावी, मांगं क्यारियरवर पेटीवाला टेकचंद, गाणे त्यानं पाठ करावे, बोलणं मी पाठ करावं, अन् विसरू नये म्हणून घरापर्यंत मोठ्यानं म्हणत यावं... धानाच्या बांधीत रोवणा करणाऱ्या बाया उभ्या राहून पाहत का हे दोन पागल कुठून सुटले! सिनेमात आगगाडी होती, आम्ही कुठून आणावी? बैलबंडी केली. हिरो बिलायतेहून येते, आमचा नागपूरहून आणला. नाव ठेवलं, 'कुंकू रडते विहिरीवर'. तेही मीच ठेवलं! अन् दिवाळीच्या मंडईले नाटक उभं राहिलं तं हिरो कोण? केवळराम! अन् हिरवीन कोण? मी!

हसू नका. हसाचं काय त्यात? गळा बारीक देल्ला देवानं, त्याले मी काय करू? अन् आमच्या मंडळाचा म्होरक्या सेवकराम, तो आणखीन चढवून ठेवते, "कवडू, तुह्यासारखी हिरवीन साऱ्या झाडीपट्टीत नाही गा!" झालं. मिशी उतरवली, लुगडं नेसलो, कमर मुरडली, विहिरीवरचं गाणं असं म्हटलं, असं म्हटलं का घशाची साल निंगाली! सामने पह्यल्या ओळीत, बोऱ्यावर, माही बायको धुरपता. नवरा तिचा जीव तोडून गाऊन राहिला, अन् पाहून कोणाले राहिली? केवळरामले!

बरं, पाहिलं तं पाहिलं, मुकाट्यानं पाहावं ना! घरी येऊन पुसते, "अजी, तो तुमचा हात धरते, तवा मनापासून धरते का वरवर?" आता तुम्हीच सांगा, लग्नाच्या नवऱ्याले पुसाची गोष्ट आहे का ही? म्हटलं, "घामट हात आहे त्याचा." तं म्हणते, "मेहनती माणूस आहे!"

मंग मी ईचार केला, हिले अस्सल माल दाखवावा. नेलं बंडी जुतून गोंदियाले. पडद्यावर आला तो हिरो... काय त्याचं नाक, काय त्याचे केस, काय तो कोट! मी हिच्याकडं पाहून राहिलो का आता हिचे डोळे उघडतीन. तं ही टॉकीजमंधी मोठ्यानं म्हणते, "अजी, हा कोण हो? हा तं आपल्या केवळरामची नक्कल करून राहिला! अन् धड जमलीबी नाही मेल्याले!" मांगचा एक शेठ पुसते, "कौन केवलराम, बहनजी?" बस! इंटरवलभर सांगत बसली. तो शेठबी मान डोलवून म्हणते, "देखना पडेगा, बहनजी!" म्हणजे सामने हिरो, बाजूले नवरा, अन् हिच्या डोळ्यापुढं कोण? केवळराम!

तवाच शपथ खाल्ली. यंदा मंडळात सांगून टाकलं, हिरो मी होईन, नाही तं नाटकात राहणार नाही. सेवकरामनं डोकं धरलं, "अगा, मंग हिरवीन कोण?" अन् हा केवळराम हासत उठला, "त्यात काय जी, मी होतो ना हिरवीन! कवडूभाऊची हौस हो द्या." हेच! हेच तं मले सहन होत नाही! माणूस वाईट असता तं बरं झालं असतं ना, शिव्या तं देता आल्या असत्या!

त्यानं मिशी उतरवली त्या दिवशी माह्या घरी भाजी करपली. खोटं नाही सांगत. मी इतके साल मिशी उतरवतो, कधी करपली नाही! अन् लुगडं? मले आजवर कोणतं भेटे? ठिगळाचं! केवळरामसाठी संदुकीतून तिच्या लग्नातलं हिरवं काढलं, वरतून सांगते, "जपून नेसवा त्याले, त्याले सवय नाही."

आता ऐका. खेळाच्या दिवशी पार कुडवा गावचे लोक बंड्या जुतून आले, मुंगी शिराले जागा नाही. मी कोट घातला, टाचेचे बूट घातले, आलो स्टेजवर. म्हटलं आज पाहा धुरपता, तुहा नवरा पाहा! तं पाहून कोणाले राहिली? ...केवळरामले! लुगड्यातल्या केवळरामले! पदर डोळ्याले लावून! बाजूची नंदाबाई म्हणे, "माय वो, किती गरीब लेक आहे!" गरीब लेक? साडेपाच फुटाचा माणूस, धानाचं पोतं एकट्यानं उचलते तो!

अन् आली घरातून काढून द्याची जागा. सिनेमात हिरो नुसतं बोट दाखवते, "चालती हो!" बस. मीच पाठ केलं, मीच शिकवलं. पण तुम्हाले सांगतो, बोट वर केलं अन् धुरपतीचा हुंदका आयकू आला... माह्या डोक्यात काय शिरलं देव जाणे, इतक्या सालाची जळजळ हातात उतरली, अन् मी त्याले ढकललं. खरोखरचं! तो स्टेजच्या खाली, पाय मुरगळला, अन् पट्ठ्यानं तिथंच, मातीत पडल्या पडल्या, विहिरीवरचं गाणं सुरू केलं! टेकचंद रडत रडत पेटी वाजवून राहिला. "वन्समोर! वन्समोर!" नंदाबाई काठी घेऊन स्टेजवर चढली, मले दोन लगावल्या, अन् खाली उतरून त्याले म्हणते, "चाल माय, माह्या घरी चाल, नोको नांदू या मेल्याच्या घरी!" अन् तिच्या आधी दुसरा हात धरून कोण उभं? माही बायको!

लोकायनं त्याले त्याच्या घरी पोचवलं. मी माह्या घरी गेलो, दाराले आतून कडी. म्हटलं, "धुरपता, नाटक होतं ते!" आतून म्हणते, "नाटक होतं तं खरंच कायले ढकललं?" मी दार ठोकलं, तं म्हणते, "त्याची माय लेकीकडं गेली, घरी पाणी द्याले कोणी नाही, पाय टम्म फुगला. पह्यले त्याले आणा, मंग घरात पाय ठेवा!"

आणलं जी. पाठीवर घेऊन आणलं, साऱ्या गावादेखत, लुगड्यासहित! रस्त्यानं पाठीवरून म्हणून राहिला, "कवडूभाऊ, वजन होऊन राहिलं असन ना तुम्हाले? उतरू काय?" अन् दारात धुरपतीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. माह्यावरून नाही... माह्या पाठीवर होता त्याच्यावरून!

वैद्य म्हणते, पाय जमिनीवर ठेवाचा नाही. म्हणजे खाटेवरून पाटावर मी न्यावं, पाटावरून आंगणात मी न्यावं, आंगणातून आणखीन खाटेवर मीच. ते पाहा, हाक आली... "अजी, आले काय? जेवण झालं त्याचं!" येतो वो, येतो! चालतो बापा... उभ्या जिंदगीत एक डाव ढकललं त्याले, अन् आता सकाळ-संध्याकाळ मीच उचलून राहिलो.