मागच्या फाटकाचा कागद

—नाही नाही, चपला राहू द्या पायात, फरशी आधीच मळलीये. बसा, सेत्योभाऊ. शिक्का ना? आहे की. वस्तीप्रमुखाकडे दुसरं असतं काय — शिक्का आणि लोकांच्या शिव्या. आणा तो कागद. हां... 'मागचं फाटक कायमचं बंद करण्याबाबत.' छान छापलाय. तुमच्या नव्या कॉलनीतल्या दोनशे बारा घरांपैकी एकशे अठ्ठ्याण्णव सह्या. आमच्या जुन्या घरांतली एकही नाही — विचारलंच नसेल कुणी, बरोबर? तसे आम्ही उरलोय किती, एकतीस घरं. एके काळी नव्वद होती.

तुमच्यावर राग नाही हो माझा. दोघं नोकरी करता, पहाटे साडेचारलाच जाकार्ताकडे गाड्या सुटतात तुमच्या. आमच्या बायका तुमची मुलं सांभाळतात, आमचे पुरुष तुमच्या फाटकावर उभे. पोट भरतं. फक्त गंमत काय झाली — गेल्या वर्षी कचेरीतली माणसं आली, तुमचे पगार आणि आमची कमाई एकत्र करून सरासरी काढली, आणि म्हणाली, अभिनंदन मार्जुकीसाहेब, तुमच्या वस्तीत आता गरीब कुणी नाही! झालं, स्वस्त तांदूळ बंद. त्या विधवा रोमलाला मी हे कसं समजावलं असेल? — नाहीच समजावलं. दोन महिने घरातला दिला, मग घरातलाही संपला. तुमच्या मांजराला म्हणे डॉक्टर आहे? असू द्या, असू द्या, मुकं जनावर.

फाटकाचं म्हणाल तर — चोऱ्या होतात, मान्य. पण त्यामागे आमचं कबरस्तान आहे, आणि तिथं जायची वाट तुमच्या कॉलनीतूनच, एवढं तरी ठाऊक आहे ना? नमानकाका गेले तेव्हा जनाजा खांद्यावर, चाळीस माणसं, आणि वॉचमन म्हणतो, प्रत्येकानं ओळखपत्र इथे ठेवून आत जायचं, पाहुण्यांचा नियम आहे. आम्ही खांदा बदलत बदलत खिसे चाचपतोय! मागून कुणीतरी ओरडलं, मयताचंही घे रे! हसलो आम्ही. जनाज्यात हसलो. — आणि वॉचमन कोण? माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, पण हात पुढेच.

वाटेचा कागद? तो कुठून असणार? मयताची वाट कुणी लिहून घेतं का आमच्यात? कुणाच्याही अंगणातून न्यायचं — माझा बाप, आजा, सगळे तसेच गेले. बाग विकली तेव्हा... हो, बाग माझीच होती, तुमचं घर बहुतेक तिथंच — जाऊ द्या. वकिलानं विचारलं, आणखी काही लिहायचंय? ही मागून म्हणाली, वाटेचं लिहून घ्या. मी डोळे वटारले तिच्यावर. सहीच्या शुभदिवशी मयताची गोष्ट कशाला, म्हटलं. वस्तीत सगळ्यांना वाटतं, कुणाला सुचलंच नाही. सुचलं होतं. तिला सुचलं होतं.

खोकला ऐकलात? तीच. — नाही, आता बरी होणार नाही. मंगळवारी दवाखान्यानं परत पाठवलं, घरीच ठेवा म्हणाले. काल मला म्हणते, आईशेजारी ठेवा मला. तिची आई तिथंच आहे, फाटकाच्या पलीकडे. फाटक बंद झालं की न्यायचं ते लांबच्या नव्या कबरस्तानात, तिथं कुणीच नाही हो तिचं.

म्हणून सांगतो — आणि हे बाहेर बोलू नका — कागद ठेवून जा. तारीख घालू नका. ती गेली की तिसऱ्या दिवशी या, शिक्का मारून देतो. बाकीची तीस घरं? ... नऊ वर्षं त्यांनीच मला प्रमुख ठेवलंय, माहीत आहे मला. असं बघू नका माझ्याकडे. थकलो मी, सगळ्यांसाठी भांडायला आता जोर नाही. तिच्यापुरतं उघडं ठेवा. आणि त्या दिवशी तिच्या भावाची पाळी लावू नका, एवढं तुमच्या कमिटीला सांगा.

— आलो गं! — जा तुम्ही आता. जा.