खिडकीतली बाई

(छोटं थिएटर, मागची रांग. पडद्यावर जुना फ्रेंच पिक्चर. एक बस-ड्रायव्हर आणि त्याची बायको.)

ड्रायव्हर : आता काय झालं?

बायको : काही नाही. बाई खिडकीत उभी आहे.

ड्रायव्हर : अगं, मघाशीपण खिडकीतच होती की!

बायको : ती दुसरी खिडकी.

ड्रायव्हर : आणि हा बाबा नुसता सिगरेटी फुंकतोय. एवढा वेळ मी बस स्टॉपवर उभी केली ना, तर लोक काचा फोडतील.

बायको : हळू बोला. पुढचे आजोबा वळून बघतायत.

ड्रायव्हर : बघू दे. जागे तरी झाले. तुझ्या लेकीला म्हणावं, आईबापाच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिकिटं काढायची तर हाणामारीची काढ.

बायको : ती म्हणाली, जगभर नावाजलाय. बघून डोळे उघडतात.

ड्रायव्हर : माझे तर मिटायला लागले. मी पडतो जरा मागं टेकून, तू ते खालचं इंग्रजी वाचून सांग.

बायको : बरं. ती म्हणतेय, ताईनं शिवणाचं दुकान वाढवलंय. मला भागीदार हो म्हणतेय.

ड्रायव्हर : घ्या! तिकडंपण ताई आणि शिवणकाम!

बायको : म्हणतेय, घरी विषय काढला की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता.

ड्रायव्हर : बरोबर करतो गडी. दमून आलेल्या माणसाचं डोकं खाते भवानी.

बायको : म्हणतेय, दमते मीपण. सोमवारपासून मी दुकानात जाणार. घरातलं अर्धं तुम्ही बघायचं.

ड्रायव्हर : लई शेफारलीय! बघू तरी थोबाड... अगं, हिचं तोंड कुठं हलतंय?

बायको : नाही हलत.

ड्रायव्हर : खाली अक्षरंपण नाहीत.

बायको : नाहीत. बऱ्याच वेळापासून.

ड्रायव्हर : म्हणजे हे सगळं तू...

बायको : रिमोट नाही ना इथं तुमच्या हातात.

ड्रायव्हर : अगं, मला साधा कुकर लावता येत नाही.

बायको : एवढी मोठी बस चालवता, शिट्ट्या मोजता येत नाहीत?

ड्रायव्हर : पाळीवरून आल्यावर घरात कुणी नसलं की कसंतरी होतं मला.

बायको : हे कधी बोलला नाहीत.

ड्रायव्हर : (पडद्याकडे बघत) त्या बाबानं बघ, परत सिगरेट पेटवली.

बायको : बोला की. तो काय म्हणतो?

ड्रायव्हर : तो म्हणतो, विचार तिला, दुकान उघडतं किती वाजता.