स्टोअरला जोडीनं

सातपूरच्या बसथांब्यावर भिकाजी उभा होता. पुढं कारखान्यातल्या दोन बाया बोलत होत्या. त्यातली कलाबाई रजेवरून परतली होती.

“कोर्टाच्या हुकमानं बायांच्या तक्रारीसाठी समिती झाली म्हणे, छाया?”

“झाली ना, मावशी. मालकीणबाई अन् स्टोअरकीपर.”

“अगं, त्याच्याच भीतीनं तर आपण स्टोअरला जोडीनं जातो!”

“आता मालक म्हणतो, समिती हाय, मग जोडी कशाला? एकेकीनं जायचं. काम खोळंबतं.”

“उद्या कोण जाणार?”

“मीच. काल रात्रभर झोप नाय.”

“आत मोठ्यानं बोलत राहा. मी दारात उभी राहते.”

“अन् तुमचं मशीन?”

“राहील बंद. मालक ओरडला तर म्हणीन, जा समितीकडं.”

बस आली. भिकाजीनं दोघींना आधी चढू दिलं.