काहीच न बांधण्याचं उद्घाटन

खिडकीत घुसलेली फांदी छाटण्याचा अर्ज घेऊन कालिंदीताई आमदारांच्या लालबागच्या कार्यालयात रांगेत उभ्या होत्या. पुढचा तरुण टेबलावरच्या कार्यकर्त्याला म्हणत होता,

“आमच्या गावामागचं सरकारी जंगल राखीव व्हायला हवं, नाहीतर तिथे खाण येईल. साहेबांनी विधानसभेत पाठिंबा द्यावा.”

“देतील की! तिथे बांधायचं काय?”

“काहीच नाही.”

“बाकडी तरी?”

“नको.”

“मग उद्घाटन कशाचं?”

“काहीच न बांधण्याचं.”

“बरं. स्टेज कुठे घालू?”

“जागाच नाही हो, सगळी झाडं आहेत.”

“मग स्टेजपुरती तोडू. बाकीची साहेब वाचवतील!”

“अर्ज परत द्या.”

“अहो, शिक्का बसला! बोला ताई, तुमचं काय?”

कालिंदीताईंनी अर्ज पर्समध्ये कोंबला.

“काही नाही. खिडकीत एक फांदी आलीय. तुम्ही येऊ नका.”